ग्रीक बेटावर बिऱ्हाड मांडताना

सांतोरिनीचे निळे घुमट बघून 'आपणही तिकडेच जाऊन राहावं' असं वाटलेल्या चार-पाच ओळखीच्यांचे मला या वर्षात फोन आले. दर वेळी तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. मी मूळची रत्नागिरीची, नोकरी पुण्यातल्या कंपनीची पण घरून, आणि घर सध्या एजियन समुद्रातल्या सीरोस बेटावर. इथे मी आणि नवरा, दोघंच असतो. पहिल्या वर्षी आम्ही पुष्कळ माती खाल्ली. त्यातली निम्मी तरी तुमची वाचावी.

हे सगळं भारतीय पासपोर्टवर, भारतातली नोकरी किंवा व्यवसाय चालू ठेवून येणाऱ्यांसाठी आहे. ग्रीसमध्ये नोकरी शोधायची असेल किंवा घर विकत घ्यायचं असेल, तर वाट वेगळी. नियमही बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी दिल्लीतल्या ग्रीक दूतावासाची ताजी यादी बघाच.

१. बेट हिवाळ्यात बघा, मग ठरवा

ग्रीक बेटांना दोन आयुष्यं असतात. एप्रिल ते ऑक्टोबर एक आणि उरलेल्या महिन्यांत दुसरं. जुलैत जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे जानेवारीत एक बेकरी, एक वाणसामानाचं दुकान आणि चार मांजरं उरतात. फोलेगांद्रोस किंवा आनाफीसारख्या लहान बेटांवर तर बोटीही कमी होतात. गावात वर्षभर जाग हवी असेल तर क्रीट, रोड्स, कोर्फू, नाक्सोस, सीरोस यांच्याकडे बघा. मिकोनोस आणि सांतोरिनी पर्यटकांच्या भावाने चालतात, तिथे पगारदाराने न जाणं बरं.

आम्ही सीरोस घेतलं ते फोटोंमुळे नाही. सीरोसचं मुख्य शहर एर्मूपोली ही किक्लादेस या बेटसमूहाची राजधानी. त्यामुळे इथे कोर्ट आहे, इस्पितळ आहे, सरकारी कचेऱ्या आहेत, जहाजं दुरुस्त करणारी गोदी आहे, विद्यापीठाची मुलं आहेत. बेटाची वस्ती २० हजारांच्या आसपास. लोक पर्यटकांवाचूनही जगतात. १८२०च्या दशकात खिओस, प्सारा अशा बेटांवरून जीव वाचवून आलेल्या निर्वासितांनी हे शहर वसवलं आणि व्यापाराच्या देवाचं, हर्मीसचं, नाव त्याला दिलं. बाहेरून आलेल्यांनीच बांधलेलं गाव असल्यामुळे की काय, नवख्या माणसाकडे इथे फार वळून बघत नाहीत. हे अर्थात माझं मत.

शक्यतो नोव्हेंबरात या. घरं रिकामी असतात, कारकुनाला बोलायला वेळ असतो आणि बेट खरं कसं आहे ते लगेच कळतं.

२. व्हिसा

रिमोट काम करणाऱ्यांसाठी ग्रीसने २०२१ मध्ये कायदा करून 'डिजिटल नोमॅड' व्हिसा आणला. तो १२ महिन्यांपर्यंतचा असतो, आणि पुढे दोन वर्षांचा रहिवास परवाना मागता येतो. अट अशी, की कर वजा जाता महिन्याला किमान ३,५०० युरो उत्पन्न हवं. जोडीदार सोबत असेल तर त्यावर २० टक्के जास्त आणि प्रत्येक मुलामागे १५ टक्के. ग्रीसमधल्या मालकासाठी काम करता येत नाही.

अर्जासाठी साधारण हे लागतं:
- पासपोर्ट आणि फोटो
- पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट
- डॉक्टरचा दाखला आणि पूर्ण मुदतीचा खासगी आरोग्य विमा
- कंपनीचं पत्र: तुम्ही रिमोट काम करता, अमुक पगार मिळतो, करार अमुक काळाचा
- पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट
- ग्रीसमध्ये कुणाची नोकरी करणार नाही असं स्वतःचं निवेदन
- जोडीदारासाठी विवाह प्रमाणपत्र

या शेवटच्या कागदावर आमचे दोन महिने गेले. आमचं विवाह प्रमाणपत्र मराठीत. अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा शिक्का) करायचं म्हणजे आधी राज्य सरकारकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, तेवढं उरकलं. पण इथे आल्यावर मराठीतून ग्रीकमध्ये भाषांतर करणारा प्रमाणित भाषांतरकार आम्हाला मिळेना. शेवटी इंग्रजी प्रत मागवून सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा जन्माचा आणि लग्नाचा दाखला इंग्रजीतला काढा, त्यावर भारतातच अपोस्टिल घ्या आणि ग्रीक भाषांतर इथल्या सरकारी यादीवरच्या भाषांतरकाराकडून करून घ्या.

व्हिसा संपण्याआधी परवान्याचा अर्ज टाका. अर्जाची पोच मिळाली की देशात राहणं कायदेशीर होतं, पण ती पोच म्हणजे परवाना नव्हे. तिच्या भरवशावर पॅरिस किंवा रोममार्गे भारताची तिकिटं काढू नका.

३. तुमचं नाव ग्रीकमध्ये कसं लिहायचं ते आधीच ठरवा

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रीक लिपीत 'श' नाही, 'च' नाही, 'ह' आपल्यासारखा नाही. 'ब' लिहायला दोन अक्षरं लागतात, 'ड'लाही दोन. देशपांडे लिहायला दिलंत की परत येताना ते 'देस्पांदे' होऊन येतं, शिंदे 'सिंदे' होतात आणि चव्हाण 'त्सावान'. त्याचं दुःख करू नका. दुःख तेव्हा होतं, जेव्हा कर कार्यालयातला कारकून एका तऱ्हेने लिहितो आणि बँकेतली बाई दुसऱ्या तऱ्हेने. मग संगणकाच्या लेखी तुम्ही दोन वेगळी माणसं.

त्यात आपलं मधलं नाव. इथे प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव आणि आईचं नाव असे दोन स्वतंत्र रकाने असतात. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव बहुधा पहिल्या नावालाच चिकटलेलं असतं, म्हणून ते 'पहिलं नाव' धरलं जातं. लग्न झालेल्या बाईचं तर विचारू नका. मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव नवऱ्याचं. समोरची बाई विचारते, 'मग तुमच्या वडिलांचं नाव कुठे आहे?' ग्रीसमध्ये १९८३च्या कायद्यापासून बायका लग्नानंतर माहेरचंच आडनाव लावतात. त्यामुळे आमच्या दोघांचं आडनाव एक बघून आम्ही बहीण-भाऊ आहोत का, असंही एकदा विचारून झालं.

उपाय सोपा आहे. पहिल्या कचेरीत तुमचं नाव ग्रीकमध्ये जसं लिहिलं गेलं, त्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी तो दाखवून 'असंच लिहा' म्हणा. पासपोर्टच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवा, कारण आई-वडिलांची नावं तिथे असतात.

४. आधी लगीन आफिमीचं

बँक म्हणते कर क्रमांक आणा. कर कार्यालय म्हणतं पत्ता आणा. घरमालक म्हणतो करार हवा तर कर क्रमांक द्या. या चक्रात कुठून शिरायचं? आफिमीपासून. तानाजीने कोंढाण्याचं लगीन आधी लावलं तसं बाकी सगळं बाजूला ठेवा.

आफिमी म्हणजे नऊ अंकी कर क्रमांक, आपल्या पॅनसारखा. तो कर कार्यालयात मिळतो. त्याला सगळे 'एफोरिया' म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा आणि तात्पुरता का होईना पत्ता घेऊन जा. त्यानंतरचा क्रम असा ठेवा:

- स्वतःच्या नावावर मोबाइल सिम, पासपोर्ट दाखवून
- 'टॅक्सिसनेट'चा युजरनेम आणि पासवर्ड. सरकारी संकेतस्थळावरची जवळजवळ सगळी दारं याच किल्लीने उघडतात
- घराचा करार
- बँक खातं
- वीज जोडणी नावावर

'केप' हे नाव पाठ करा. आपल्याकडच्या सेतू केंद्रासारखी ही नागरिक सेवा केंद्रं जवळपास प्रत्येक गावात आहेत. सही प्रमाणित करणं, प्रतींवर शिक्का, कुठला अर्ज कुठे द्यायचा, हे सगळं तिथे होतं आणि तेही फुकट. दुसरा शब्द 'इपेफ्थिनी दिलोसी', म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं निवेदन. आपल्याकडे स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करतात तसं, पण स्टॅम्पशिवाय आणि ऑनलाइन. तिसरा 'पारावोलो', म्हणजे सरकारी फी. बऱ्याच ठिकाणी ती खिडकीवर घेत नाहीत. आधी ऑनलाइन कोड काढायचा, पैसे भरायचे आणि मग अर्जाला जायचं.

एक 'लोगिस्तीस', म्हणजे हिशेबनीस, पहिल्याच महिन्यात गाठा. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही ग्रीसचे कर-रहिवासी ठरता. भारत आणि ग्रीस यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण तो १९६५चा. तेव्हा रिमोट काम कुणाच्या स्वप्नात नव्हतं. इथला लोगिस्तीस आणि तिकडचा तुमचा सीए यांची एकदा गाठ घालून द्या. आम्ही ते दुसऱ्या वर्षावर ढकललं आणि भुर्दंड भरला.

भारतातली दोन कामं निघण्याआधीच उरका. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या. आणि ओटीपी येणारं सिम रोमिंगवर जिवंत राहील असा रिचार्ज ठेवा, नाहीतर स्वतःचेच पैसे बँकेत बसून वाकुल्या दाखवतील.

५. घर: कराराचे महिने मोजा

बेटांवरचा सगळ्यात मोठा सापळा हा आहे. सप्टेंबरात घर स्वस्त मिळतं, माणसं गोड बोलतात, आणि मग सहज सांगितलं जातं, 'मेअखेर रिकामं करा हं, उन्हाळ्यात पर्यटकांना देतो.' बदलीवर आलेले शिक्षक आणि डॉक्टरसुद्धा यात सापडतात. कायद्याप्रमाणे राहत्या घराचा करार किमान तीन वर्षांचा धरला जातो, कागदावर कमी लिहिलं असलं तरी. पण परक्या गावात कायद्यावर बोट ठेवून घरमालकाशी भांडायची तुमची तयारी आहे का, हा वेगळा प्रश्न. पहिल्याच भेटीत विचारा, 'वर्षभरासाठी आहे ना?' आणि उत्तर लेखी घ्या.

करार घरमालक कर खात्याच्या संकेतस्थळावर नोंदवतो. आकडा कमी दाखवून उरलेलं भाडं रोख मागणारे भेटतील. नको म्हणा. परवान्याच्या आणि कराच्या वेळी तोच आकडा तुमच्या अंगावर येतो.

घर बघायला दुपारी नका जाऊ, संध्याकाळी जा. भिंतीला हात लावा. कपाट उघडून वास घ्या. जुन्या दगडी घरांत उन्हाळाभर गारवा असतो, पण जानेवारीत तीच भिंत ओल सोडते. कोकणातला पावसाळा काढलेल्या माणसाला बुरशी नवी नाही, पण तिकडे निदान हवा उबदार असते. इथे ओल आणि थंडी हातात हात घालून येतात, आणि एसीच्या गरम हवेने फार तर एक खोली तापते. आमची पहिली मोठी खरेदी सोफा नव्हे, हवेतलं पाणी शोषणारं यंत्र होतं, 'आफिग्रांतिरास'. दिवसाला बादलीभर पाणी काढायचं.

फोनवर इंटरनेटचा वेगही तिथेच तपासा. जाड भिंतींत सिग्नल मरतो.

६. वीज, पाणी आणि संडासातली बादली

वीज नावावर करायला मीटरचं आजचं रीडिंग, जोडणी क्रमांक, आफिमी आणि करार लागतो. बिल बघून घाबरू नका. त्यात नगरपालिकेचे आकारही असतात आणि सरकारी दूरदर्शनची वर्गणीही, तुमच्याकडे टीव्ही नसला तरी.

गरम पाण्याला गच्चीवर सौर टाकी, 'इलिआकोस'. ढगाळ दिवसात गीझर चालू करायचा, पण त्याचं बटण बाथरूममध्ये शोधू नका, ते बहुतेक घरांत विजेच्या मुख्य पेटीत असतं. नळाचं पाणी सीरोसवर समुद्राचं पाणी गोडं करून येतं. आंघोळीला, धुण्याला ठीक. पिण्याला आम्ही बाटल्या आणतो.

आणि हो, कागद संडासात टाकायचा नाही. शेजारच्या झाकणाच्या बादलीत टाकायचा. नळ्या अरुंद असतात. पाण्याचा जेट मात्र भारतातून आणून बसवला, आणि आता आमच्या प्लंबरला तो इतका आवडलाय की त्याने स्वतःसाठी एक मागवायला सांगितलंय.

७. बोट: 'आपागोरेफ्तिको' म्हणजे आज नाही

अथेन्सच्या पिरेअस बंदराहून सीरोसला मोठी बोट साधारण साडेतीन-चार तास घेते. वारा वाढला की बंदर खातं बोटींना निघायला बंदी करतं, तिचं नाव 'आपागोरेफ्तिको'. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँचा बंद होतात हे आपल्याला ठाऊक आहे. पण तिथे निदान अलिबागहून गाडीरस्ता असतो. इथे नाही. गंमत म्हणजे हे फक्त हिवाळ्यात होतं असं नाही. जुलै-ऑगस्टात निळ्याशार आकाशाखाली 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा दिवसेंदिवस सुटतो.

इथली माणसं वारा बोफरमध्ये मोजतात. 'उद्या आठ बोफर' म्हणाले की बाजार करून ठेवा. ताज्या भाज्या, दूध, कुरिअर, सगळं बोटीनेच येतं. भारताचं विमान पकडायचं असेल तर अथेन्सला निदान एक रात्र आधी पोचा, हिवाळ्यात दोन. माझ्या एका मैत्रिणीचं आखातामार्गे जाणारं विमान तिला न घेताच उडालं, आणि ती बंदरावर बॅगांवर बसून ते फोनवर बघत होती.

बेटाचे कायम रहिवासी झालात की 'मेताफोरिको इसोदिनामो' या योजनेची चौकशी करा. बेटावर राहिल्यामुळे प्रवासावर जो जादा खर्च होतो, त्यातला काही भाग सरकार परत देतं.

८. आजारपण

'आम्का' हा अकरा अंकी सामाजिक विमा क्रमांक, त्यातले पहिले सहा अंक तुमची जन्मतारीख. सरकारी आरोग्यसेवा आणि डॉक्टरची चिठ्ठी त्यावर चालते. पण या व्हिसावर तो लगेच मिळेल असं धरून चालू नका. खासगी विमा खंडित होऊ देऊ नका, आणि विम्यात हेलिकॉप्टरने किंवा विमानाने अथेन्सला नेण्याचा खर्च येतो का ते वाचा. एर्मूपोलीत इस्पितळ आहे. लहान बेटांवर फक्त आरोग्य केंद्र असतं आणि गंभीर रुग्णाला हलवावंच लागतं.

भारतातून औषधं आणताना चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली असू द्या. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. रात्री आणि रविवारी एकच औषधाचं दुकान पाळीने उघडं असतं, त्याची यादी बाकीच्या दुकानांच्या काचेवर लावतात. आणीबाणीला ११२, रुग्णवाहिकेला १६६.

९. दुपार, दुकानं आणि 'ने'

दुपारी तीन ते साडेपाच ही उन्हाळ्यातली कायद्याने ठरलेली शांततेची वेळ. हिवाळ्यात ती साडेतीनला सुरू होते. तेव्हा भिंतीला ड्रिल लावलंत तर शेजारचे आजोबा दारात उभे राहतील. आमच्या दारात राहिले. पुणेकरांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुकानं सोमवार, बुधवार, शनिवार बहुधा दुपारीच बंद होतात. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार संध्याकाळी पुन्हा उघडतात. रविवारी बंद. सुपरमार्केट त्याला अपवाद, पण रविवारी तेही बंद. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन आठवतो, इथे तो मारियामातेचा मोठा सण, आणि त्याच्या आगेमागे कचेरीत काही काम निघालं तर सप्टेंबरातच भेटू म्हणा.

भाषेत पहिला खड्डा: 'ने' म्हणजे हो. आपल्या कानाला ते 'नाही'च वाटतं. मी पहिल्या आठवड्यात 'ने, ने' ऐकून दोन दुकानांतून हात हलवत परत आले. नाहीला 'ओखी', किंवा नुसती मान वर करून जिभेने 'च्यक्'. ते 'च्यक्' मात्र आपलंच. 'तू' आणि 'तुम्ही' हा फरक त्यांच्याकडे आहे, 'एसी' आणि 'एसीस'. वयस्कर बाईला 'कीरिया' लावून तिच्या पहिल्या नावाने हाक मारा, आपण 'मालतीबाई' म्हणतो तसं.

आणि वेळेचा हिशेब: भारत हिवाळ्यात साडेतीन तास पुढे, उन्हाळ्यात अडीच. सकाळी दहाची पुण्याची मीटिंग जानेवारीत इथे साडेसहाला, अंधारात. पण दुपारी तीनला पुणं घरी जातं आणि तुमचा अख्खा समुद्र मोकळा.

१०. स्वयंपाक आणि बॅगेत काय आणायचं

उपाशी राहणार नाही. भेंडी मिळते, तिला 'बामिएस' म्हणतात. चवळी 'माव्रोमातिका', म्हणजे काळ्या डोळ्यांची. पिवळी 'फावा' डाळ शिजवून फोडणी घातली की आमटीची भूक भागते. उन्हाळ्यात भाजीवाल्याकडे 'व्लिता'ची जुडी दिसेल, ती चक्क आपल्या माठाची बहीण. ते लोक उकडून तेल-लिंबू घालतात, मी लसणाची फोडणी देते. शाकाहारी असाल तर 'निस्तिसिमो' हा शब्द लक्षात ठेवा, म्हणजे उपासाला चालणारं. ईस्टरच्या आधी सात आठवडे बेकरीपासून खानावळीपर्यंत अंडं-दूध-मांस नसलेले पदार्थ असतात. फक्त कोळंबी आणि माकूळ त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं विचारून घ्या.

मसाले, पोहे, तूरडाळ अथेन्सला. एव्रिपिदू रस्त्यावर मसाल्यांची जुनी दुकानं आहेत, आणि तिथून जवळच मेनांद्रू रस्त्याच्या आसपास पंजाबी आणि बांगलादेशी वाणी.

भारतातून हे आणा: कुकरच्या दोन जादा रिंगा आणि शिट्टी. मिक्सर, कारण व्होल्टेज सारखंच आहे, फक्त प्लगला अडॅप्टर लागतो. गोडा मसाला, हिंग, कोकम. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परमिट, जे भारतातच मिळतं आणि एकच वर्ष चालतं. पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो.

तवा आणा, पण तो चालेलच असं नाही, कारण इथल्या शेगड्या विजेच्या असतात. भाकरी त्यावर फुगत नाही. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'गाझाकी' मागा, कॉफी उकळायची लहानशी गॅसची शेगडी. तिच्यावर भाकरी टम्म फुगते. खिडकी मात्र आधी उघडा.